घाट चढल्यावर घाटी कोण?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सोमवार, सकाळची चहाची वेळ. आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा ग्रुपवर आलेला व्हिडिओ होता. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक मिनीबस उभी, बाजूला गॅसची शेगडी, तिच्यावर भाताचा मोठा टोप, एक बाई कांदा चिरतेय, दोघे-तिघे हातात बाटल्या घेऊन उभे. "पळय रे, हे घांटी!" सहकारी म्हणाला. मग काय, सगळं सेक्शन पेटलं. फायली बाजूला राहिल्या. गोवा कसा बुडाला, कोणी बुडवला, भायल्यांना चोर्ला आणि अनमोडलाच कसं अडवायला हवं, यावर अर्धा तास चर्चा झाली.

या विषयावर मी एरवी सगळ्यांत पुढे असतो. त्या दिवशी मात्र मुकाट्याने चहा प्यालो. कारण दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, मी स्वतः घाटापलीकडे अळणावरजवळच्या एका शेताच्या कडेला शेगडी मांडून बसलो होतो. शेत माझं नव्हतं. फरक एवढाच की माझा व्हिडिओ कोणी काढला नाही.

तर मंडळी, आज लिहायचं आहे ते त्या शनिवारबद्दल. कोणाला हे झोंबेल. झोंबू दे. मला आधी झोंबलेलं आहे.

माझा एक मावसभाऊ तारवटी होता. वीस-बावीस वर्षं बोटीवर काढून आता घरी आलाय. परदेशी बंदरांत त्याने लोक गाडीमागे चाकांवरची खोली जोडून डोंगरात जाताना पाहिले होते आणि तेच त्याच्या डोक्यात बसलं. इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून त्याने दोन चाकांचा ट्रेलर बनवून घेतला. आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, मागची फळी उघडली की स्वयंपाकाचा ओटा, खाली पाण्याची टाकी, बॅटरी, दिवे, वर बाजूला उलगडणारं ताडपत्रीचं छप्पर. वस्तू खरंच देखणी आहे, खोटं का बोला! पहिल्या सफरीला मला बोलावलं तेव्हा मी एका पायावर तयार झालो. पहाटे निघायचं, घाट चढायचा, अळणावरच्या बाजूला रानात दोन-तीन तास पायी भटकायचं, तिथेच जेवण करायचं आणि रात्री परत.

पहाटे साडेचारला फोंड्याहून निघालो. मोलें येईपर्यंत सगळं सुरळीत. घाटात मात्र ट्रेलर म्हणजे काय ते कळलं. गाडी वळते तसा ट्रेलर वळत नाही. तो वळणाच्या आतल्या बाजूने कापून जातो. म्हणून तीव्र वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला काढून मग आत घ्यावी लागते, आणि नेमका तेव्हाच समोरून ट्रक येतो. मागे घ्यायची वेळ आली तर सगळंच उलटं. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. आम्ही एका वळणावर अडकलोच. पुढे कर्नाटकातला मालट्रक, मागे पाच-सहा गाड्यांची रांग. माझा भाऊ दर्यावर्दी खरा, पण घाट म्हणजे दर्या नव्हे. घामाघूम झाला. शेवटी त्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, मागे जाऊन उभा राहिला आणि हाताच्या खुणांनी, इंच इंच करत, आमचं ते बिऱ्हाड त्याने मागे सरकवून दिलं. एक शब्द वावगा बोलला नाही. वर हसून कन्नडात काहीतरी म्हणाला आणि गेला. आपल्याकडे एखाद्या परप्रांतीय गाडीने अरुंद रस्त्यावर अशी वाट अडवली असती तर आपण काय केलं असतं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. आता येतो.

वर अनमोडला पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं. धुकं दरीत खाली बसलेलं, झाडांच्या शेंड्यांवर नुकतं ऊन आलेलं. तो तासभर मी जन्मात विसरणार नाही. तेव्हा कोणी म्हणू नये की हा माणूस डोंगरात जाण्याच्याच विरोधात आहे. मी विरोधात आहे तो वेगळ्या गोष्टीच्या. येतो तिथे.

तिनईघाट, रामनगर मागे टाकून धारवाडच्या रस्त्याला लागलो. अळणावर जवळ येऊ लागलं की मुलूख बदलतो. घाटातलं दाट रान मागे राहतं, सागवान लागतं, मधूनमधून कापणी झालेली भातशेतं, मग ऊस. पुढे धारवाडकडे काळी माती सुरू होते. डिसेंबर हा ऊसतोडीचा हंगाम. हल्याळच्या कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, डोंगरासारखा ऊस भरलेला. त्या रांगेत आमचाही ट्रेलर. त्यांच्या ट्रॉल्यांत त्यांचं वर्षभराचं कष्ट होतं. आमच्यात गाद्या, कोळसा, मसाला लावून ठेवलेलं काफ्रियल, आणि गादीखाली लपवलेल्या बियरच्या बाटल्या. गोव्याची दारू सीमेपार न्यायला परवाना लागतो हे सरकारी नोकराला मी वेगळं काय सांगायचं! मला माहीत होतं. मी गप्प बसलो.

गावापासून थोडं अलीकडे मुख्य रस्ता सोडून रानाच्या कडेला एक सपाट जागा दिसली. बाजूला शेत. तिथे ट्रेलर लावला आणि पायी निघालो. रानाच्या तोंडाशी एक पाटी होती, कन्नडात. "आपणांक कन्नड येना न्हय?" भाऊ म्हणाला आणि आम्ही हसत आत शिरलो. पण पाटीवर पेटत्या जाळावर मारलेली लाल फुलीही होती आणि ती वाचायला कुठलीच भाषा लागत नाही. राखीव जंगलात परवान्याशिवाय शिरणं आणि तिथे आग पेटवणं हा गुन्हा आहे, गोव्यातही आणि कर्नाटकातही. आपल्या किनाऱ्यावरच्या पाट्या "समझ में नहीं आया" म्हणणाऱ्यांची आपण टिंगल करतो. आम्ही वेगळं काय केलं?

दोन-अडीच तास हिंडलो. सागाची वाळलेली पानं पायाखाली कुरकुर वाजत होती. एके ठिकाणी हत्तीची लीद दिसली, बरीच जुनी. परत येऊन छप्पर उलगडलं, कोळसा पेटवला, आणि स्पीकरवर गाणी लावली. हो, स्पीकरही होता.

तेवढ्यात शेतकरी आला. साठीचा असेल. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात विळा. मला वाटलं आता भांडण. पण तो जवळ येऊन म्हणाला, "कुठनं आलासा पावनं?" बेळगाव-खानापुराकडची असते तशी मराठी. आम्ही म्हटलं, गोव्याहून. "व्हय, गोव्याचं लोक येत्यात की हिकडं," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा, "बाटल्या तेवढ्या हितं फोडू नगासा. गेल्या साली आमच्या म्हशीच्या खुरात काच शिरली. लई दिवस उभी ऱ्हाईना. आन् हत्ती हाय ह्या अंगाला, अंधार पडायच्या आत निघा." शेवटी म्हणाला, "घर हितंच हाय. चा घेऊन जावा की."

माझा भाऊ लगेच म्हणाला, "नको नको, आमच्याकडे सगळं आहे."

शेतकऱ्याने एकदा ट्रेलरकडे पाहिलं. "व्हय, हाय की सगळं," म्हणाला, आणि गेला.

मला तिथेच कसंतरी झालं. कारण अळणावर मला परकं नाही. माझ्या आईची एक मावशी तिथे दिली होती. तिचे यजमान रेल्वेत होते. लहानपणी मे महिन्यात आम्ही सावर्ड्याहून मीटर गेजच्या गाडीत बसायचो. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत चढ एवढा की मागून ढकलायला जादा इंजिनं लावायची. मग तिनईघाट, लोंढा, नागरगाळी, तावरगट्टी करत दुपारनंतर कधीतरी अळणावर. जाताना आईच्या पिशवीत नारळ, सोलं, सुकी सुंगटं, आणि येताना त्याच पिशवीत तांदूळ, गूळ, शेंगांची चटणी, वर धारवाडी पेढ्यांचा पुडा. मावशीआजीच्या शेजारणीलाही दोन नारळ वेगळे काढलेले असायचे. कारण आम्ही नऊ-दहा माणसं आलो की अंथरुणं त्या शेजारणीच्या घरून यायची. आमच्याकडे सगळं नव्हतं, म्हणून आम्हांला त्या गावातल्या माणसांची गरज लागायची. गरज लागायची म्हणून ओळख व्हायची. ओळख असायची म्हणून लाज असायची. ज्या विहिरीचं पाणी प्यायचं तिच्या काठावर घाण करायची कोणाची छाती होणार?

माझं म्हणणं आहे ते एवढंच. ज्या प्रवाशाला त्या गावाकडून काहीच नको असतं, त्याला त्या गावाचं काहीच देणं लागत नाही असं वाटू लागतं. पाणी आपलं, जेवण आपलं, अंथरूण आपलं, गाणी आपली. तिथे मागे ठेवायचा तो फक्त कचरा. मिनीबसमध्ये तांदळाची गोण आणि शेगडी घालून आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्यांबद्दल आपली तक्रार नेमकी हीच आहे ना? इथे काही खर्च करत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, भात शिजवतात, टोप किनाऱ्यावर धुतात, बाटल्या फोडतात, जातात. मग आमच्या ट्रेलरची गोष्ट निराळी कशी? त्यांचा टोप अॅल्युमिनियमचा आणि आमची ग्रिल स्टीलची, एवढाच का फरक? गरिबाने केलं की घाण आणि पैसेवाल्याने केलं की 'आउटडोअर लाईफ', हा न्याय मला मान्य नाही.

आपली तक्रार खोटी आहे असं नव्हे. ती शंभर टक्के खरी आहे. म्हणून तर २०१९ च्या जानेवारीत आपल्या विधानसभेने पर्यटन स्थळांच्या २००१ च्या कायद्यात दुरुस्ती केली. उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं, अन्न शिजवणं यांना दोन हजार दंड, आणि घोळक्याने केलं तर दहा हजार. २०२२ साली पर्यटन खात्याने आदेश काढून दंडाची रक्कम पन्नास हजारांपर्यंत नेली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आता हाच नियम अनमोडच्या वर लावून बघा. उघड्यावर दारू? होय. अन्न शिजवलं? होय. घोळक्याने? आम्ही पाच जण होतो. म्हणजे माझ्याच टाळ्यांच्या हिशेबाने मी गुन्हेगार ठरलो.

यावर काय उत्तरं येतील ती मला पाठ आहेत.

पहिलं, "जंगल कोणाच्या बापाचं आहे का?" छान. मग किनारा तरी आपल्या बापाचा कुठे आहे? मोल्याच्या रानातून रेल्वेचा दुसरा रूळ जाणार म्हणून आपण रस्त्यावर आलो, मेणबत्त्या लावल्या. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळें दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला! ते रान सीमेपाशी संपत नाही. तेच पुढे काळी व्याघ्र प्रकल्पात मिळतं. खाली झाड वाचवायचं आणि वर त्याच्या बुंध्याशी कोळसा पेटवायचा, याला काय म्हणावं?

दुसरं, "हॉटेलं परवडत नाहीत, आणि रस्त्यात बायका-मुलांना, म्हाताऱ्यांना संडासाची सोय नसते." हे मात्र खरं आहे आणि यावर मी वाद घालणार नाही. चाकांवरची खोली ही वस्तू वाईट नाही. पण महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं, त्यात गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचीही गोष्ट आहे. म्हणजे पाणी, वीज, सांडपाणी यांची सोय असलेली ठरलेली जागा, जिथे भाडं द्यायचं आणि जिथे कोणीतरी जागामालक असतो. दिसली सपाट जागा की लाव ट्रेलर, असं त्यात कुठे नाही. आणि जिथे असं पार्क नाही तिथे शेतकऱ्याला विचारून, दोन पैसे देऊन, त्याच्या अंगणात लावता येतं. विचारायला तोंड लागतं, ट्रेलर नव्हे.

तिसरं उत्तर सगळ्यांत आवडीचं, "आम्ही त्यांच्यासारखे नव्हे." यात त्यांच्यासारखे म्हणजे घाटी. हा शब्द मुळात पत्त्यासारखा असणार, घाटावरून आला तो घाटी. आपण त्याची शिवी केली. पण बी.ए.ला थोडाफार इतिहास वाचलेल्याला हा शब्द उच्चारताना अडखळायला हवं. गोव्याचे कदंब म्हणून ज्यांचं नाव आपण बसवर लिहितो, त्यांची खाली चांदर, मग गोपकपट्टण ही राजधानी होती आणि दुसरी राजधानी घाटावर होती, खानापूर तालुक्यातली हलशी. तिथलं बाराव्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आजही उभं आहे. म्हणजे आपले राजेच अर्धे घाटी! केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडे. घराणं एकच. गाण्याला घाट आडवा आला नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत शिकवत ज्या कथा लिहीत होते त्या आपण गोव्यात डोक्यावर घेतल्या, तेव्हा त्यांना कोणी घाटी म्हटलं नाही.

दुःखसुद्धा सारखंच आहे. मोगूबाईंचं कुर्डी साळावलीच्या धरणात गेलं, माणसं वाडें-वालकिणीला आली. तिकडे काळी नदीवरच्या धरणात सुपा गेलं, आणि तिथली माणसं रामनगरला आली. ज्या रामनगरातून आम्ही शनिवारी काचा वर करून, गाणी लावून गेलो तेच हे रामनगर. आणि जेवणाचं काय? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत घाटावरून भाजी यायची थांबली तेव्हा चार दिवसांत आपल्या स्वयंपाकघरात काय उरलं होतं ते आठवा. ज्यांच्या टोमॅटोवाचून आपलं हुमण होत नाही, त्यांच्या बांधावर जाऊन आपण म्हणतो, आमच्याकडे सगळं आहे!

म्हादईचं भांडण आहे, मला माहीत आहे. ते लवादापुढे आणि न्यायालयात आहे, तिथे ते गोव्याने जिवाच्या कराराने लढावं. पण पाणी वळवायचा निर्णय त्या विळेवाल्या शेतकऱ्याने घेतलेला नाही. त्याच्या म्हशीच्या खुरातली काच हे म्हादईचं उत्तर होऊ शकत नाही.

आता राहिलेलं सांगून टाकतो, कारण तेच सांगायला हे सगळं लिहिलं.

त्या संध्याकाळी आम्ही अंधार पडायच्या आत निघालो. शेतकऱ्याचं तेवढं ऐकलं. निखाऱ्यांवर पाणी ओतलं. बाटल्या, ताटल्या, हाडं, सगळं एका मोठ्या काळ्या पिशवीत भरलं, तोंड बांधलं, आणि कुत्री ओढू नयेत म्हणून ती पिशवी जवळच्या झाडाच्या फांदीला अडकवली. मग छप्पर गुंडाळणं, ट्रेलर जोडणं, दिव्यांची वायर लावणं. रात्री फोंड्याला उतरून सामान काढताना भावाने विचारलं, "कचऱ्याची पिशवी खंय?" मला वाटलं त्याने घेतली. त्याला वाटलं मी. बाकी तिघांना वाटलं आम्ही दोघांनी.

पिशवी तिथेच राहिली. शेतकऱ्याच्या बांधावरल्या झाडाला लोंबकळत. एका पिशवीसाठी पुन्हा घाट चढायचा का, यावर आम्ही पाच मिनिटं बोललो, आणि झोपायला गेलो.

रविवारी सकाळी तो माणूस बांधावर आला असेल तेव्हा त्याने ती पिशवी पाहिली असेल. कुत्र्यांनी, नाहीतर माकडांनी, तोवर फाडलीही असेल. काचा त्यानेच वेचल्या असतील. तेव्हा गोव्याच्या लोकांबद्दल तो घरी काय बोलला असेल? सोमवारी चहाच्या वेळी आमचं सेक्शन जे बोलत होतं तेच. त्याच्या भाषेत घाटाखालून आलेल्यांना शिवी आहे की नाही मला ठाऊक नाही. नसेल तर आता व्हायला हरकत नाही.

त्या झाडाखाली आता काही सापडणार नाही, पण मी जायचं ठरवलं आहे. यावेळी ट्रेलर नाही. आईने सोलं आणि दहा नारळ काढून ठेवले आहेत. कोणासाठी, असं तिने विचारलं, तेव्हा मी मावशीआजीच्या गावात एका ओळखीच्या माणसासाठी म्हणून सांगितलं. ओळख तशी अजून झालेली नाही. त्याने चहाला बोलावलं होतं, तो राहिलाय.